आक्काच्या दमाची जागा

कान जरा इकडे कर. "आजी, गाणं बांधायला तुझं आवडतं सॉफ्टवेअर कुठलं?" असं फोनवर, बसमध्ये चढता चढता विचारतात होय? मिळाली ना बसायला जागा? मग ऐक.

तुझ्या आईची हळद तोंडावर आली होती. पेटी मी माझी मीच शिकलेली, आणि दुपारी देवपुरात एका बाईंच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन बसायचे. तिथं पडद्यावर वहीसारख्या रेघा. कीबोर्डची पट्टी दाबली की सूर विटेसारखा रेघेवर बसायचा. चुकला तर उचलून दुसरीकडे ठेवायचा. पेटीवर चुकलेला सूर असा परत घेता येतो का? मी हरखलेच.

त्यात एक बटण होतं, सगळ्या विटा ओळंब्यात, अगदी ठोक्यावर आणणारं. हळदीचं गाणं बांधलं, बटण दाबलं, संगीताची कॅसेट भरली आणि थोरल्या नणंदेला, आक्काला ऐकवली. गाणार तीच होती. तिच्या गाण्याशिवाय हळद मला चाललीच नसती.

आक्का म्हणाली, "का वं, हाई गानं शे का कवायत?"

"काय चुकलं, आक्का?"

"नवरीनं नाव लेवाना पहिले बाया दम घेतस. तुन्हं मशीन थांबसच नही."

यावर मी गाणार नाही, म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. मला रागच आला. पण भाकरी थापताना ती तेच गुणगुणत होती, आणि खरंच, तुझ्या आईच्या नावाआधी अंमळ रेंगाळत होती. माझ्या बटणानं तेवढीच जागा खाल्ली होती.

बटणानं केलेलं मागे फिरवायची सोय होती, पण फाइल बंद केली की तीही गेली. शेवटी आक्कालाच क्लासात नेलं. पदर सावरून ती पडद्यासमोर बसली आणि "आजून जराशी" म्हणत एकेक वीट हातानं सरकवायला लावली.

क्लासच्या बाई हसल्या, "आक्का, तुम्ही तर गवंडी निघालात."

हळदीला मशीन थांबलं, आक्कानं दम घेतला आणि तुझ्या आईचं नाव असं काही आळवलं, की पिवळ्या हातांच्या बायका हळद वाटणं विसरल्या.

तर मला आवडतं ते हातानं वीट सरकवू देणारं. नाव विसरले त्याचं. कॅसेट आहे जपून, आक्काही अजून गाते. दम तेवढा आता जरा जास्त घेते. तुझ्या हळदीच्या गाण्यात तुझ्या नावाआधी किती जागा सोडायची, ते तिलाच विचारायचंय. म्हणून म्हणते, लग्नाची वाट बघू नकोस, लवकर येऊन जा.