डाव्या हाताचा क्लच

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मी मनीषनगरात घरीच शिवणकाम करते, ब्लाउज आणि ड्रेस. मापाला उभी असलेली बाई पोट आत ओढून उभी राहिली तर मी तिलाही चार शब्द ऐकवते. आमचे हे अगदी उलट. मौद्याकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होते. मशीन बंद पडो की घरची पाइपलाइन फुटो, यांचा आवाज काही चढत नसे.

अशा या शांत माणसाने एक दिवस टेम्पोत घालून जुनी स्पोर्ट्स कार घरी आणली. खापा गावातल्या एका ओळखीच्यांच्या गोठ्यात ती कित्येक वर्षं पडून होती. दोन दारं, दोनच सीटा, वरून कापडी छप्पर, आणि इतकी ठेंगणी की आत बसलं की जमिनीवर मांडी घातल्यासारखं वाटावं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याच देशात अशा थोड्या गाड्या बनल्या, मग कंपनीच बंद पडली. बॉडी पत्र्याची नाही, फायबरची. डिक्कीत कोंबडीची पिसं निघाली. "नाकापेक्षा मोती जड," मी म्हटलं. हे म्हणाले, "रिटायर झालो की बनवतो." गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली गेली.

रिटायर व्हायच्या आधीच ड्युटीवरून परतताना यांची दुचाकी घसरली आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला.

नकली पाय बसवला. घरातल्या घरात चालायला लागले. पण गेटच्या बाहेर पाऊल टाकेनात. दवाखाना तेवढा, तोही मी मागे लागले की. दोन वर्षं सकाळी पेपर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी खिडकी. मी भाजीला निघाले तरी विचारायचे, "किती वेळ लागन?" मला यांची कीव यायची, मग राग यायचा, आणि राग आला की स्वतःचीच लाज वाटायची. मला साडी नको होती, तीर्थयात्रा नको होती. या माणसाने एकदा आपल्या मनाने गेटबाहेर जावं, एवढंच पाहिजे होतं.

शेवटी कंटाळून मी भंगारवाल्याला बोलावलं. निदान पोर्च तरी मोकळा होईल. त्याने ताडपत्री उचलली, बॉनेटवर बोटं वाजवली आणि म्हणाला, "ये तो प्लास्टिक है बाई. डब्बा है." आतून टीव्हीचा आवाज बंद झाला. हे टकटक करत पोर्चमध्ये आले आणि त्या माणसाला इंजिन दाखवू लागले. हे काय आहे, ते काय आहे, आणि 'डब्बा' कशाला म्हणतात. अर्धा तास. भंगारवाला बिचारा पाणी पिऊन गेला. ताडपत्री मात्र परत टाकली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी यांनी माझ्या स्वयंपाकघरातला पाट पळवला आणि जुन्या फ्रिजच्या स्टॅंडची चाकं त्याला खालून ठोकली. त्या पाटावर बसून हे गाडीभोवती सरकत फिरायचे. नकली पाय काढून भिंतीला टेकवून ठेवायचे आणि काम करायचे. कार्बोरेटर माझ्या पोह्यांच्या परातीत धुतला गेला. मी बोंबलले, पण मनातून नाही.

सुटे भाग आणायला अर्थातच मी. कंपनीच बंद, तर पार्ट कुठून मिळणार? मग ब्रेकचं एक सामान एका गाडीचं, पाण्याचा पंप दुसरीचा, असं जुळवून बसवायचं. मी मोबाइलवर फोटो काढून जुन्या मोटारपार्टच्या दुकानात उभी राहायची. दुकानदार विचारायचा, "कौनसी गाडी का चाहिये?" मी म्हणायची, "गाडी मत पूछो, नाप देखो." मापाचं मला कोणी शिकवायला नको. नागपूरच्या उन्हात टिकावी म्हणून यांनी रेडिएटरला मोठा पंखा बसवला. छप्पर मी शिवलं, जाड रेक्झिनचं, जुन्या फाटक्या छपराचे तुकडे उसवून त्यावरून बेतलं. सात सुया तुटल्या. शिवण सरळ आली तेव्हा हे म्हणाले, "कारखान्यात असती तर सुपरवायझर झाली असती." मी म्हटलं, "घरी कोण हाये मग?"

फायबरचे तडे बुजवायला रेझिन लागतं. त्यात हार्डनरचे थेंब टाकायचे, घोटायचं आणि जमायच्या आत तड्यावर ठेवलेल्या जाळीवर पसरायचं. एप्रिलात ते मगातच दगड व्हायला लागलं. तीन मग वाया गेले तेव्हा यांनी वेळ बदलली. पहाटे उठायचं, ऊन चढायच्या आत आटपायचं. मी पिठलं घोटते तसं ते घोटायची आणि हे पसरायचे. दोन वर्षांत आम्ही दोघं एवढं कधी बोललो नव्हतो. बोलणं म्हणजे "दे", "थांब", "पुरे", पण तेही मला गोड लागायचं.

मग एक दिवस इंजिन सुरू झालं. हे नकली पाय बांधून ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि डाव्या पायाने क्लच दाबला. आता नकली पायाला पेडल कळत नाही. किती दाबलं, किती सुटलं, काही समजत नाही. पाय घसरला, गाडीने उडी मारली आणि समोरची जास्वंदीची कुंडी फोडली. हे चावी काढून उतरले. त्यानंतर काम रोज चालू होतं, पण त्या सीटवर हे पुन्हा बसले नाहीत. मी पाहिलं होतं. विचारायची हिंमत झाली नाही.

रंगाचा दिवस आला तोवर मे लागला होता. पोर्चला उघड्या बाजूंनी प्लास्टिक बांधलेलं, भाड्याचा कॉम्प्रेसर घरघरत होता आणि आत हे मास्क लावून गडद निळा रंग मारून राहिले होते. पाठीवरून घामाचे ओघळ चाललेले. माझ्याने पाहवेना. हॉलचा कूलर पोर्चकडच्या खिडकीतच होता. मी त्याचं तोंड बाहेर वळवलं, टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं आणि बटण दाबलं. नागपूरची बाई उन्हाळ्यात दुसरं काय करणार? घामेजलेला माणूस दिसला की आमचा हात आपोआप कूलरच्या बटणाकडे जातो.

पाच मिनिटांत ओल्या रंगावर पांढुरकी साय धरली. कूलरच्या ताट्यांचं गवत उडून बॉनेटला चिकटलं ते वेगळंच.

"कूलर कोणं लावला?" हे ओरडले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, असा आवाज मी ऐकला नव्हता. "ओल्या रंगावर पाण्याची हवा सोडते का कोणी? अक्कल गहाण ठेवली का तुनं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमी उकडून मरून राहिले म्हणून लावला जी. मी का मजा पाहत बसू?"

"मले विचारलं काहून नाई?"

"आन् त्या रंगापायी एवढा जीव काहून काढून राहिले?" मी म्हणाले. "चालवणार कोण हाये ते?"

बोलून गेले. बाण सुटला की परत येत नाही म्हणतात, माझे सगळे बाण असेच. यांनी स्प्रेगन खाली ठेवली, हात पुसले. "भंगारवाल्याले फोन कर," एवढं शांतपणे म्हणाले आणि आत जाऊन टीव्ही लावला.

मी फोन केला नाही. माफीही मागितली नाही, ते मला कधी जमलंच नाही. आठ दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता. ताट वाढलं की भांडं आपटायची, तीच जेवायला हाक. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून मी स्वतःला हव्या तेवढ्या शिव्या दिल्या. ज्या माणसाला बाहेर काढायचं होतं, त्याला मीच आत ढकललं होतं.

नवव्या दिवशी अस्तराचं कापड आणायला गेले होते. दुकानासमोर एक कार उभी होती, मागे दिव्यांगाचं चिन्ह लावलेलं. कुबड्या घेतलेले एक गृहस्थ त्या गाडीत चालवायच्या जागी बसत होते. मी रस्ता ओलांडून सरळ त्यांच्या काचेवर टकटक केली. ओळख ना पाळख. "भाऊ, तुमी क्लच कसा दाबता?" ते घाबरलेच आधी. मग हसले आणि दाखवलं. गिअरच्या दांड्यापाशी एक जास्तीचा दांडा होता, हाताने ओढला की खाली तारेने पेडल दबायचं. त्यांनी दोनदा करून दाखवलं, मी मोबाइलवर व्हिडिओ काढला.

आता दाखवायचं कसं? आमचं बोलणं बंद. मी स्वयंपाकघरात उभी राहून व्हिडिओ यांच्या मोबाइलवर पाठवला. हे हॉलमध्ये, मी दहा फुटांवर. निळ्या खुणा उमटल्या. हॉलमधून व्हिडिओचा आवाज आला. परत आला. तिसऱ्यांदा आला.

सकाळी उठले तर हे पोर्चमध्ये पाटावर, हातात माझी मापाची टेप. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्याचा जोड चुकीचा लावला हाये. तार घासून तुटन त्याची. सांग त्याले."

"मी कुठी सांगू? नाव गाव मले माहीत नाई."

"तुनं असंच विचारलं? रस्त्यावर?"

"मंग काय करणार होती?"

यांनी मान खाली घातली. खांदे हलत होते. हसून राहिले होते, की आणखी काही, मी जवळ जाऊन पाहिलं नाही. चहा टाकला.

पहिली तार मोटारसायकलची लावली, ती तुटली. दुसरी टेम्पोची लावली, पण ओढायला इतकी जड की यांच्या कपाळावरची शीर फुगायची. मग दांडा लांब केला, खाली एक कप्पी बसवली, तेव्हा कुठे हाताला हलकं आलं. तळाला भोक पाडताना यांचा हात थांबला. सामान कुठलंही लावा, पण गाडीच्या मूळ बॉडीला नवं भोक पाडायचं नाही, असं यांचं आधीपासून म्हणणं होतं. मी शेजारी उभी होते. काही बोलले नाही, एवढंच माझ्याकडून मोठं झालं. मग यांनी स्वतःच ड्रिलचं बटण दाबलं.

बॉनेटचा रंग घासून पुन्हा मारला, पहाटे, कूलरचा प्लग मी आधीच काढून ठेवलेला. डॉक्टरचा कागद, आरटीओची परवानगी, बदलाची आणि लायसन्सची नोंद यासाठी चार चकरा झाल्या. प्रत्येक चकरेला मी सोबत, रिक्षात. मग गाडी टेम्पोत घालून नेली; इन्स्पेक्टरने ती बारीक पाहिली आणि यांना मैदानात चालवायला लावली. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा नीट निघाली. परतीच्या वाटेवरही मी शेजारच्या सीटवर बसून, "ब्रेक, ब्रेक" करत होते. "पुढच्या वेळी तू बसू नको बापा," हे म्हणाले.

त्यानंतरच्या एका मंगळवारी, सकाळचे दहा-सव्वादहा असतील. मी आतल्या खोलीत कटिंग करत होते. इंजिनचा आवाज आला. रोज चालू करून पाहतात, तसंच असेल म्हणून मी उठले नाही. आवाज लांब गेला तेव्हा कात्री टाकून धावले. पोर्च रिकामा. गेट उघडं. गल्लीत कोणी नाही. फोन लावला तर तो फ्रिजवरच वाजला.

असा संताप आला म्हणता. सांगून जायला काय झालं होतं? बंद पडली तर? कोणी ठोकली तर? आल्यावर काय काय ऐकवायचं, ते मी तिथेच उभ्या उभ्या जुळवून ठेवलं.

समोरची बाई कपडे वाळत घालत होती. "भाऊजी कुठी गेले वं सकाळी सकाळी?" तिने विचारलं.

"मले काय माहीत," मी चिडून म्हणाले. "सांगून जातात का कधी. येतील यायचं तेव्हा."

बोलले आणि थांबले. गल्लीतली कोणतीही बाई आपल्या नवऱ्याबद्दल रोज असंच बोलते. दोन वर्षांहून जास्त काळ माझा नवरा या मिनिटाला कुठे आहे, हे मला झोपेतसुद्धा माहीत होतं. आज माहीत नव्हतं. मी आत आले, मशीनवर बसले, पण शिवणच दिसेना, डोळे इतके भरून आले.