धीर न देणारा माणूस

इनास माझा मित्र. एकाच शाळेत आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं, मधल्या सुट्टीत एकाच टेबलावर डबे उघडले. पण गेल्या महिन्यात तो गेला, तेव्हा त्याच्या घरून पहिला फोन मला आला नाही. माझ्या मुलीला आला. मुक्तानं तिच्या हॉस्पिटलमधून मला कळवलं, "बाबा, इनासकाका गेले. सकाळी विहिरीवरची मोटर लावायला गेले आणि तिथेच..." वसईजवळच्या गिरीजला त्याच्या वाडीत पोचेपर्यंत मनात एकच गोष्ट घोळत होती, की फोन योग्य माणसालाच गेला होता.

इनास भित्रा होता, आणि ते लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही. विजेला भ्यायचा, लिफ्टला भ्यायचा, शाळा तपासणीला तर आठवडाभर आधीपासून. पाणजू बेटावर सहल निघाली की हा होडीत बसायचा नाही, धक्क्यावर मुलांच्या चपला सांभाळत थांबायचा. "वसईचा माणूस आणि पाण्याला भितोस?" असं मी चिडवलं तर म्हणायचा, "वसईचा आहे म्हणूनच भितो सावंत. पाणी काय करतं ते तुला काय ठाऊक, तू फ्लॅटवाला." आम्ही हसायचो. तोही हसायचा.

महामारी आली तेव्हा मुक्ता एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेज बंद झालं, ती घरी आली, लेक्चरं मोबाईलवर सुरू झाली. मी अभिमानाच्या भरात सोसायटीच्या ग्रुपवर तिचा नंबर टाकला. 'आपल्या विंगमधली डॉक्टर, निःसंकोच विचारा,' असं वर लिहिलं. तिनं तोवर एकाही पेशंटला स्वतःच्या जबाबदारीवर औषध दिलेलं नव्हतं. फोन सुरू झाले. कुणाच्या वडिलांचा ऑक्सिजन उतरलेला, कुणाला बेड हवा. ती म्हणायची, "तुमच्या डॉक्टरांना विचारा," तर पलीकडून, "ते उचलत नाहीत गं, तूच सांग." हळूहळू ती सारखे हात धुऊ लागली, सालटं निघेपर्यंत. जेवताना टेबलाखाली बोटाला ऑक्सिमीटर लावून बसायची. मी पाहत होतो, आणि म्हणत होतो, "डॉक्टरनंच घाबरून कसं चालेल?" ती मान डोलवायची.

सगळ्यात जास्त फोन इनासचे. "डॉक्टर, घसा खवखवतोय. मी काही राहत नाही आता."

"काका, काल पण तुम्ही राहणार नव्हता."

"काल खोकला होता गं."

एका संध्याकाळी मात्र ती त्याच्यापाशी रडली. "मला काही येत नाही काका. मलाच भीती वाटते." फोन स्पीकरवर होता, मी स्वयंपाकघरात. मला वाटलं, आता हा तिला समजावील. इनास म्हणाला, "बरं झालं बाई. मला वाटत होतं, गिरीजपासून वसईपर्यंत मी एकटाच आहे." तेव्हापासून त्यांचं ठरलं. त्याच्या गावात चर्चची संध्याकाळची घंटा झाली की फोन करायचा. एकानं आपली भीती सांगायची, दुसऱ्यानं ऐकायची, मग उलट. अट एकच, धीर द्यायचा नाही. "धीर देणारा तुमच्या घरात आहे एक," असंही तो म्हणाला होता.

ते मला लागलं. मी त्याला फोन करून सुनावलं, "तू भित्रा आहेस ते ठीक, माझ्या मुलीला कशाला शिकवतोस?" तो म्हणाला, "बरं सावंत. नाही करत." आणि खरंच केला नाही. तिचे फोनही त्यानं उचलले नाहीत. मुक्ताला मी सांगितलं, काका वाडीच्या कामात असतील.

दुसऱ्या लाटेत कॉलेजनं मुलांना वॉर्डच्या कामासाठी परत बोलावलं. बॅग भरून झाली आणि मुक्ता दारात बसली ती बुटात पाय घालीना. श्वास वरच्या वर अडकत होता. बोटावरचं यंत्र मात्र सगळं ठीक असल्याचं सांगत होतं. मी आधी ओरडलो. मग हात जोडले. कशाचाच उपयोग झाला नाही, तेव्हा इनासला फोन लावला. कित्येक महिने वाडीच्या फाटकाबाहेर न पडलेला तो माणूस स्कूटरवरून आला. दोन मास्क, त्यावर हेल्मेट, हातात शेतावरचे मोजे. तो बिल्डिंगच्या गेटपाशी लांब उभा राहिला, मुक्ता खाली गेली, मी जिन्यात थांबलो.

"नाही जायचं तर नको जाऊ," तो म्हणाला.

"आणि पेशंट?"

"ते मला नको विचारू. मी इथवर आलोय तोच अर्धा मेलोय."

ती हसली, खूप दिवसांनी. मग विचारलं, "काका, तुम्ही फोन का बंद केलात?" त्यानं मान वर करून जिन्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगणार... "घाबरलो होतो," तो म्हणाला. बस, एवढंच.

ती दोन दिवसांनी गेली, आपण होऊन. वॉर्डमधून, होस्टेलमधून तिचे फोन त्याला जात राहिले. महामारी सरली, ती डॉक्टर झाली, तरी चालू राहिले. मला कधी त्यातलं काही कळलं नाही, आणि विचारण्याचा हक्कही मी गमावला होता. इनासजवळ मी त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही. त्याला माती देतानाही मनातल्या मनात शब्दच जुळवत होतो.

परवा संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. "काकांच्या फोनची वेळ झाली. कुणाला करायचा ते कळेना, म्हणून तुम्हाला केला. सांगा बाबा, तुम्हाला कसली भीती वाटते?"

मी सांगितलं, की तेव्हा त्याचे फोन मीच बंद करवले होते, आणि त्यानं ते स्वतःवर घेतलं. आता हे ऐकून तू मला फोन करणार नाहीस, ही भीती वाटते. 'जाऊ दे बाबा' असं ती म्हणेल म्हणून मी कान लावून होतो. ती म्हणाली नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. मग म्हणाली, "आता माझं ऐका." आणि सांगू लागली, वॉर्डमधल्या एका लहान मुलीबद्दल, जिचा ताप काही केल्या उतरत नव्हता. 'घाबरू नकोस' हे शब्द माझ्या ओठांवर आले. मी ते गिळले, आणि ऐकत राहिलो.