बाजूच्या सीटवरचा लॅपटॉप

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजोबांच्या जीपमध्ये सीटखाली ती काळी डबी कसली? मी विषय बदलला. आता जीप विकली आहे, रविवारी नवा मालक घेऊन जाईल. त्याआधी खरं लिहून ठेवते.

जीप घेतली तेव्हापासून ड्रायव्हरच्या बाजूची सीट माझी. निवृत्तीनंतर आजोबांनी कार्बुरेटर काढून इंजेक्टर बसवले. इंजिनाला किती पेट्रोल सोडायचं हे ती डबी, म्हणजे बाहेरून मागवलेला ईसीयू, ठरवायची. पण आधी तिला शिकवावं लागे. म्हणून रोज सकाळी बोरी अरबच्या रस्त्याला आजोबा गाडी चालवत आणि दारव्ह्याचा मिस्त्री मांडीवर माझा लॅपटॉप घेऊन माझ्या सीटवर बसे. धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरचा आकडा चढला की पेट्रोल कमी पडतंय, उतरला की जास्त होतंय. तसा तो लॅपटॉपवरच्या पेट्रोलच्या तक्त्यातला एकेक चौकोन बदलायचा.

डबीसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका वाचून मराठीत मीच लिहून दिली होती. तरी एकदा "मीही येते" म्हटलं, तर आजोबा म्हणाले, "मांगं अवजारं हायेत. अन् तुले काय समजते त्यातलं?"

"पुस्तिका कोणाला समजली होती?"

मिस्त्री हसला. "भाभी, साहेबाले तुमी संभाळा, गाडीले मी संभाळतो."

परतल्यावर दोघं अंगणात चहा पीत तास तास बोलत. माझ्याशी आजोबा इतकं कधी बोलल्याचं मला आठवेना.

एका दुपारी मी लॅपटॉप आवरायला घेतला. तक्त्याच्या एकाच नावाच्या, पुढे फक्त आकडा बदललेल्या अकरा फाइली होत्या. पहिली, सगळ्यात जुनी, ठेवली, बाकीच्या पुसल्या. मला पसारा सहन होत नाही हे खरं. पण त्या दिवशी ते निमित्त होतं. त्यांच्या सकाळी पुसाव्यात असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सवयीने, न बघता, उरलेली तीच फाइल ईसीयूत भरली. चढावर काळा धूर निघाला आणि जीप बंद पडली. दोघे म्हातारे ती ढकलत घरी आले. आजोबा पायरीवर बसले. मी तिथेच कबूल केलं.

"कायले केलं, भाभी?"

"ती सीट माझी होती."

मिस्त्री पाण्याचा तांब्या खाली ठेवत आजोबांना म्हणाला, "घ्या साहेब! सेन्सर गाडीत लावून राह्यलो, अन् बिघाड घरात."

दुसऱ्या सकाळी तो स्वतःच मागे अवजारांच्या पेटीवर बसला. "बोला भाभी, आकडा बोला." मी सांगायची, तो म्हणेल तसा चौकोन बदलायची आणि पुन्हा काही पुसलं जाऊ नये म्हणून वहीतही उतरवायची. हेवा मात्र पुरता गेला नाही. मीटर दाखवायच्या आधीच मिस्त्रीला इंजिनाचा आवाज कळायचा, आणि आजोबा आरशातून त्याच्याकडेच बघायचे.

आजोबा गेले, आता जीपही जाईल. नव्या मालकाला तक्ता डबीतून मिळेलच, वही मी देणार नाही. ती माझ्या कपाटात आहे, आणि मिस्त्री अजून चहाला येतो.