नऊ ताटं आणि न आलेला ट्रॅक्टर

मंडळी, आज लिस्बनमधल्या एका भारी हॉटेलातून मी जेवण अर्धवट टाकून उठले. अजून चैन पडेना, म्हणून लिहितेय.

ऑफिसचं ट्रेनिंग संपलं, उद्या परत निघायचं, म्हणून हौसेनं दुपारच्या जेवणाचं टेबल बुक केलं होतं. तिथं आपण काही मागवायचं नसतं. शेफच्या मनातले नऊ पदार्थ एकामागून एक येतात, घासाघासाचे. जेवण चालतं तीन तास.

पहिला मासा तोंडात विरघळला. लई भारी! पण दुसरं ताट येईपर्यंत चारदा दाराकडं पाहिलं. तिसऱ्याला पाय हलायला लागले. चौथ्याला गावाकडं, केजला, आईला व्हिडिओ कॉल लावला.

"येवढं जराजरा काऊन वाढायलेत? पाव्हणे लई हायत का?"

"न्हाई गं, इथं निवांत बसून खायचं असतंय."

"मग बस की. कोण उठवायलंय तुला?"

पाचव्या ताटाला मी बिल मागितलं. वेटर बिचारा विचारत होता, काही चुकलं का?

बाहेर बाकावर बसल्यावर कळलं. लहानपणी ऊसतोडीच्या फडात जेवताना आमचे कान ट्रॅक्टरकडं असायचे. तो आला की हातातली भाकर ठेवून ऊस भरायला उठायचं. ऊसतोड सुटून कैक वर्षं झाली. खरं सांगा, तुमच्या अंगातली जुनी घाई गेलीय का?

आईला परत कॉल केला. ती जेवत होती, ओट्यापाशी उभी, हातावर भाकर घेऊन.

"आई, बस की. कोण उठवायलंय तुला?"