मचाणावरची टेंभुर्णी

तेल्हाऱ्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी शकुनबाईचं वावर आहे. कपाशीच्या कडेला एक एकर ज्वारी, ज्वारीच्या मधोमध मचाण, आणि कणसात दूध भरलं की दिवसभर मचाणावर शकुनबाई. पाखरं उडवायला तिला गोफण कधी लागली नाही. गळा पुरे. सागाचं पान वाऱ्यानं वाजावं तशी ती गाते, आणि गाता गाता जंगलाची गोष्ट सांगते. कपाशी वेचणाऱ्या बायांचे हात त्या गाण्यावर चालतात.

यंदा मात्र नवऱ्यानं, सहदेवनं, बजावलं होतं, "औंदा पाखरायनं ज्वारी खाल्ली, तर पुढल्या साली सारं सोयाबीन. मंग मचाण बी नाई अन् गाणं बी नाई."

शकुनबाई नुसती हसली होती. आपल्या आवाजाचा तिला भरवसा होता.

एका दुपारी तिनं टेंभुर्णीची गोष्ट लावली. दरसाली आपली फळं टोपलीतून जातात तरी कुठं, हे बघायला ते झाड मुळं सोडवून डोंगर उतरतं आणि तेल्हाऱ्याच्या बाजाराला निघतं. वाटेत झाड दमलं. शकुनबाईनं आवाज खाली आणला, पार पाचोळ्याइतका. बायांचे हात बोंडावर थांबले. सारं वावर गप्प झालं, आणि त्या शांततेत पोपटांचा थवा ज्वारीच्या कोपऱ्यावर उतरला.

"अवं, पाखरं राखून राहिली का पाखरायले कथा सांगून राहिली?" धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, सहदेव ओरडला.

कोपरा गेला होता. शकुनबाईचं तोंड उतरलं. तेवढ्यात कपाशीतून माणिकबाई म्हणाली, "भाऊजी, आमाले झाड बाजारात पोचवू द्या. पाखरं आमी उडवतो."

तेव्हापासून गोष्टीची चालच बदलली. झाडानं एक पाऊल टाकलं की शकुनबाई थांबायची, आणि चारी बाजूंनी बाया आरोळी द्यायच्या, "हुर्र्या हो!" थवा उठायचा. मग पुढचं पाऊल. चौथ्या दिवशी एक आरोळी धुऱ्यावरून आली, उशिरा आणि बेसूर.

"गड्यानं मधात ओरडू नये," शकुनबाई मचाणावरून म्हणाली, "झाड बिचकते."

बाया हसून हसून वाकल्या.

तो कोपरा सोडला तर ज्वारी झकास पिकली. कापणी झाली तेव्हा झाड नदीपर्यंतच आलं होतं.

"मंग बाजारात गेलं का नाई ते?" सहदेवनं विचारलं.

"वावरात ज्वारी उभी रायली की सांगीन."

"मोठी चालू आहेस वं तू," सहदेव पुटपुटला, आणि खळ्यात बसून बियाण्यासाठी भरलेली कणसं निवडू लागला.