वीसपैकी शून्य

महेंद्र साळवे सरांना बरोबर उत्तरांचं काडीचंही कौतुक नाही. पोरानं पैकीच्या पैकी आणले की ते "छान" म्हणून पुढे सरकतात, आणि ज्याचं चुकलं त्याच्याशेजारी मांडी ठोकून बसतात. "कसं काढलंस रे हे उत्तर?" हे इतक्या आवडीनं विचारतात, की पोराला वाटावं आपण मोठाच शोध लावला. सुरुवातीला मला याचा राग यायचा. माझी सव्वीस वर्षं लाल शाईनं चुका खोडण्यात गेली, आणि हा चाळिशीचा माणूस त्यांचे लाड करतो!

बेलापूरपासून चार किलोमीटरवर, चहूबाजूंनी ऊस असलेल्या वस्तीवर आमची पहिली ते पाचवीची शाळा आहे. शिक्षक दोनच, मी आणि सर. मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे, म्हणजे कागद माझे आणि पोरं त्यांची. सर मूळचे राहुरीकडचे. त्यांचे वडील सोपानराव कृषी विद्यापीठाच्या शेतावर मजुरीला होते. प्रयोगाच्या वाफ्यात बी टोचायचं आणि आठवड्यानं किती उगवलं, किती नाही ते मोजायचं, हे त्यांचं काम. "साहेबलोक उगवलेल्या रोपाकडे बघायचेसुद्धा नाहीत," सर सांगतात. "न उगवलेलं बी उकरून त्याचीच चौकशी करायचे." बापाच्या मजुरीतून पोरानं एवढं एक उचललं आणि शिक्षक झाला.

गेल्या वर्षी सरांनी वर्गात कार्डं आणली. प्रत्येक पोराला त्याच्या नंबरचं एक जाड कार्ड, त्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांची नक्षी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात अ, ब, क, ड. सर प्रश्न वाचतात. ज्याला जे उत्तर वाटेल ती बाजू वर करून तो कार्ड धरतो. सर मोबाईल वर्गावरून फिरवतात आणि कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी पडद्यावर येतं. बरोबर असेल तर हिरवं, चुकलं तर लाल. वीस प्रश्न अर्ध्या तासात, ना पेपर, ना तपासणी. दिवाळीनंतर त्यांनी आणखी एक सोय केली. निकाल आपोआप पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जायला लागला. वरच्या बैठकीत या सोयीचं कौतुक झालं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिली होते.

मार्चमधल्या एका मंगळवारी, शेवटच्या तासाला, सरांनी पाचवीची अशीच चाचणी घेतली. शाळा सुटली, पोरं दप्तरं उचलायला लागली, आणि सर मोबाईलकडे बघत दारातच उभे राहिले.

"मॅडम, सृष्टीला शून्य."

सृष्टी आमच्या वर्गातली चुणचुणीत पोर. दिवाळीपर्यंत सतरा-अठराच्या खाली आली नव्हती. जानेवारीपासून घसरत घसरत सातावर आली होती. मी म्हटलं, "लक्ष उडालंय तिचं. दोन दिवस ओरडा, येईल ताळ्यावर."

"लक्ष उडालेल्याला शून्य मिळत नाही," सर म्हणाले. "चार पर्याय आहेत. डोळे झाकून कार्ड फिरवलं तरी विसात चार-पाच लागतात. तिचं एकही लागलेलं नाही. मॅडम, वीसच्या वीस चुकवायला वीसच्या वीस उत्तरं माहीत असावी लागतात."

मला हे कळायला जरा वेळ लागला.

सरांनी सृष्टीला थांबवून घेतलं. ओरडले नाहीत. नेहमीसारखे तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि लाल खुणांची ती लांबलचक रांग तिच्यापुढे धरली. "कसं जमवलंस हे?"

पोरीनं खाली बघत उलटच विचारलं.

"सर, पाचवीला आता नापास करत्यात ना?"

"करतात. का?"

"नापास झाले तर मी हितंच राहीन ना? पुन्ना पाचवीत?"

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीबी हुईन नापास."

बाकीचं तिनं रडत रडत सांगितलं. आमच्या शाळेत पाचवीच्या पुढे वर्ग नाही. सहावीसाठी बेलापूरच्या हायस्कूलला जायचं, तर वाट उसातून, आणि उसात बिबट्या. मागच्या श्रावणात पाटाजवळून त्यानं कालवड ओढून नेली. सृष्टीचे वडील कारभारी पोरीला त्या वाटेनं पाठवायला तयार नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्यांची बहीण बनुबाई शिर्डीला असते, फुलं-प्रसादाचं दुकान आहे. थोरली रेश्मा पाचवी झाली तशी आत्याकडे शिकायला गेली. आता जूनमध्ये सृष्टीची पाळी होती.

"रेश्मा शाळंत जातच न्हाई," सृष्टी म्हणाली. "दिवाळीला आल्ती तवा मला सांगितलं. दिवसभर हार इकती. घरी सांगू नको म्हनली, आत्या मारंल."

म्हणून या दहा वर्षांच्या पोरीनं ठरवलं होतं, आपण ढ व्हायचं. नापास व्हायला किती चुका पुरतात हे तिला माहीत नव्हतं, म्हणून खात्रीसाठी तिनं सगळीच उत्तरं चुकवली. एकूण एक प्रश्न आधी नीट सोडवायचा, मग बरोबर उत्तराच्या शेजारची बाजू वर करायची.

तिला घरी पाठवल्यावर सरांनी मला विचारलं, "मॅडम, रेश्माचं नाव ऑनलाईन मागवलं होतं का कोणी?"

मूल दुसऱ्या शाळेत गेलं की ती शाळा त्याचं नाव आमच्याकडून संगणकावर मागवून घेते, आणि मी होकार दिला की ते आमच्या यादीतून जातं. रेश्माचं नाव दोन वर्षं माझ्या यादीत पडून होतं. दर महिन्याला माहिती भरताना मला ते दिसायचं. मी समजायचे, शिर्डीच्या शाळेचा क्लार्क आळशी असेल. दोन वर्षांत एक फोन करायला मला किती वेळ लागला असता? दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही, आणि ही माझी चूक दर महिन्याला माझ्याच डोळ्यांसमोर होती.

शरमेनं माझी जीभ भलतीच चालायला लागली. मी म्हटलं, "सर, होऊ द्या तिला नापास. एक वर्ष तर मिळेल."

"चांगली हुशार पोर ढ ठरणार आणि आपण खाली सह्या करणार?"

"मग पास करून हारांच्या टोपलीपाशी बसवायची? तुमचा खरेपणा जाईल मिरवायला, भोगायचं तिनं!"

उद्या कारभारींशी बोलतो म्हणत सर गाडीपाशी गेले, किल्ली लावली, आणि तसेच थांबले. मग त्यांनी घाईघाईनं मोबाईल काढला. मी जवळ गेले. कारभारींच्या नंबरवर मेसेज गेलेला होता. सृष्टी, गुण शून्य, पैकी वीस. त्याखाली दोन निळ्या खुणा. कारभारींनी तो वाचला होता.

सरांनी तिथूनच त्यांना तीन फोन लावले. एकही उचलला गेला नाही.

बुधवारी सकाळी सृष्टीची जागा रिकामी होती. तिच्या शेजारच्या निकितानं सांगितलं, "बाई, सृष्टीची आत्या आलीय. आजच घेऊन चाललीय तिला."

खिचडी शिजवणाऱ्या कडूबाईंना पोरांवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मी सरांच्या गाडीवर मागे बसले. पाच मिनिटांची वाट, पण एक वळण सरता सरेना. समोरून जीप आली की मला वाटायचं, गेली पोर.

पोर अजून अंगणातच होती. पायाशी कपड्यांची पिशवी, नवा फ्रॉक, सुजलेले डोळे. बनुबाई खुर्चीवर बसून चहा पीत होत्या. सृष्टीची आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कारभारी उठले, पण बसा म्हणाले नाहीत.

"सर, तुमचाच मेसेज आला. शून्य! डोकंच न्हाई तर शाळंत बसून काय उपेग? तिकडं आत्याच्या हाताखाली काय तरी शिकंल."

"भाऊ, शून्याचा अर्थ वेगळा आहे."

"शून्याला कसला आलाय अर्थ?" बनुबाई म्हणाल्या. "बारा वाजता गाडी हाय आमची."

सरांनी वाद घातला नाही. खिशातून एक कार्ड काढलं आणि कारभारींच्या हातात दिलं. "तुम्ही डोळे मिटा. कालचेच प्रश्न, पण मी ते वाचणार नाही. नुसतं कार्ड फिरवायचं आणि वर धरायचं. वीस वेळा. मग मी जातो."

बनुबाई हसल्या. कारभारींना राग आला होता, पण सरांचा शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिला नव्हता. त्यांनी डोळे मिटले. सरांनी मोबाईल धरला. मी बाजूनं पडद्याकडे बघत होते. पहिलं लाल. दुसरं लाल. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं लाल! सरांच्या कानामागून घाम ओघळत होता. नशिबाचा खेळ तो, कारभारींचं एखादंच लागलं असतं तर बोलायला तोंड उरलं नसतं. सातवं हिरवं आलं तेव्हा मी मोठ्यानं श्वास सोडला. पुढे दोन लाल, एक हिरवं, मग उरलेल्या लालांत आणखी दोन हिरवी. विसावं संपलं.

"चार," सर म्हणाले आणि मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "प्रश्न न ऐकता, डोळे मिटून, तुमची चार बरोबर आली. सृष्टीनं डोळे उघडे ठेवून, प्रश्न ऐकून एकही बरोबर येऊ दिलं नाही. तिला सगळं येतं, भाऊ. ती मुद्दाम चुकली."

कारभारी पडद्याकडे बघत राहिले. मग पोरीकडे वळले. "व्हय गं?"

सृष्टीनं मान डोलावली.

"का?"

"मला शिर्डीला न्हाई जायचं. रेश्माला शाळंत घातलंच न्हाई."

"काय बी बोलती कार्टी!" बनुबाईंनी कप खाली आदळला. "तिकडं काय वाघ खातो का तुला? वाघ हितं हाय! नाव घातलंय रेश्माचं, चांगल्या शाळंत घातलंय."

आता बोलायची पाळी माझी होती. ते सोपं नव्हतं. "कारभारीभाऊ, रेश्माचं नाव दोन वर्षांत कुठल्याच शाळेनं आमच्याकडून मागवलेलं नाही. मला हे दिसत होतं. मी विचारलं नाही. चूक माझी आहे."

"ऑनलाईनचं काय सांगता बाई," बनुबाई म्हणाल्या. "तिथं रेंज नसती निम्मा येळ."

कारभारींच्या एका बाजूला सख्खी बहीण, दुसऱ्या बाजूला दोन परके मास्तर आणि एक मोबाईल. त्यांनी नजर उचलली ती पिशवीवर गेली, आणि मला वाटलं, हरलो आपण.

तेवढ्यात इतका वेळ चौकटीला टेकलेली सृष्टीची आई बोलली. "फोन लावा रेश्माला."

"आत्ता कशाला? आत्ता ती शाळंत..." बनुबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"शाळंत आसंल तर उचलायची न्हाई," आई म्हणाली. "लावा. दुकानातल्या फोनवर लावा. समद्यांस्नी ऐकू येऊ द्या."

कारभारींनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. दुसऱ्याच घंटीला उचलला गेला. मागे गर्दीचा गलका होता.

"हॅलो? पप्पा? आत्या पोचली का?"

"पोचली," कारभारी म्हणाले. "रेश्मा, आज शाळा न्हाई का तुला?"

तिनं विचारलं, आणि त्यात तक्रार नव्हती, लपवायचं भानही नव्हतं, खरंच न कळल्यासारखं तिनं विचारलं, "कुठली शाळा, पप्पा?"

"थांबा पप्पा, गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली, फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि मग आमच्याच वर्गात कविता म्हणायची त्या आवाजात, सराईतपणे, ती ओरडायला लागली. "आओ भैया, हार ले लो, ताजा हार, प्रसाद ले लो..."

सृष्टीच्या आईनं पदर तोंडात कोंबला. सर जमिनीकडे बघत होते, आणि मला इतकी लाज वाटली की तिथून पळून जावंसं वाटलं. कारभारींनी फोन बंद केला नाही. तसाच चालू ठेवून त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात घातला, बहिणीकडे न बघता अंगण ओलांडलं आणि आपल्या गाडीला किक मारली. गाडी शिर्डीच्या वाटेला लागेपर्यंत त्यांच्या खिशातून पोरगी ओरडतच होती.