कोपरावरचं भस्म

पुऱ्या तळताना तेल उडालं आणि चाकूरच्या गंगम्माचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. लातूरच्या दवाखान्यात तेव्हा एका झाडाच्या सालीतून काढलेल्या मलमाची चाचणी चालू होती. गंगम्माला विचारूनच दामिनी डॉक्टरीणबाईंनी कोपराकडच्या जखमेला ते नवं मलम लावलं, मनगटाकडं नेहमीचं. दुसरं काही लावायचं नाही, असं बजावलं.

आज पट्टी सोडली तर मनगटाकडं कातडी धरली होती, कोपराकडं मात्र पू झाला होता.

"नवं मलम सोसलं नाही," बाई म्हणाल्या. "बंद करावं लागेल."

लिंगपूजेला बसताना कपाळाला, दंडाला, कोपराला भस्म लावल्याशिवाय गंगम्मानं कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. कोरड्या कोपरानं देवापुढं बसायची तिची छातीच झाली नाही. आता सांगावं तर बाई हाकलून देतील. न सांगावं तर पुढं भाजून येणाऱ्यांना हे औषध मिळायचंच नाही.

तिनं उजव्या हाताची बोटं पुढं केली. नखांत अजून पांढरं होतं.

"औषधाला बोल लावू नका बाई. म्या पट्टी सरकवून रोज भस्म लावलं."

दामिनीबाईंनी चाचणीच्या कागदावर भस्माचं लिहून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "जखम भरेपर्यंत तिथं नाही लावायचं."

"हाव," गंगम्मा म्हणाली. "पण देव कोपला, तर तुमचं नाव सांगू का?"